लायब्ररी सायन्सच्या मास्टर्सचं अ‍ॅक्रेडिटेशन: सेल्फ-स्टडी लिहिताना काय काय सापडलं

शब्दवेल

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, लिहायला सवड नव्हती. ज्या कामाने सवड खाल्ली त्याबद्दलच आज लिहितेय.

मी लायब्ररी अँड इन्फर्मेशन सायन्सच्या एका विभागात कॅटलॉगिंग आणि मेटाडेटा, म्हणजे ग्रंथालयातल्या साहित्याच्या नोंदी कशा करायच्या ते, शिकवते. आमच्या मास्टर्सला अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची, म्हणजे एएलएची मान्यता आहे. साधारण सात वर्षांनी होणारा सर्वंकष आढावा यंदा होता आणि सेल्फ-स्टडीचं काम माझ्या गळ्यात होतं. दीड वर्ष त्यात गेलं. पॅनल येऊन गेलं, निर्णय अजून यायचाय. विभागाचं नाव सांगणार नाही, कृपया विचारू नका.

प्रवेशाच्या दिवसांत 'हा कोर्स अ‍ॅक्रेडिटेड आहे का' असं इथे नेहमी विचारलं जातं आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर संपतं. त्या 'हो'मागे नक्की काय तपासतात हे मलाही नीट ठाऊक नव्हतं, इतकी वर्षं शिकवत असूनही. म्हणून हा धागा.

आधी थोडी ओळख. एएलए विद्यापीठाला मान्यता देत नाही, त्या एका मास्टर्सला देते. अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिको मिळून असे साठच्या वर अभ्यासक्रम आहेत. मानकांचे पाच भाग आहेत: नियोजन, अभ्यासक्रम, प्राध्यापकवर्ग, विद्यार्थी, आणि शेवटी प्रशासन, पैसा व साधनं. विभाग स्वतःची पाहणी करून अहवाल लिहितो, तो सेल्फ-स्टडी. मग बाहेरचं पॅनल येतं. त्यात काही जण शिकवणारे असतात, काही प्रत्यक्ष ग्रंथालयात काम करणारे. अहवालात लिहिलंय तसं आहे का, हे ते येऊन पडताळतात. मान्यता द्यायची की नाही हे पॅनल ठरवत नाही, तशी शिफारसही करत नाही. तो अधिकार कमिटी ऑन अ‍ॅक्रेडिटेशनचा. बारा जणांची ही समिती, त्यातले दोघे मुद्दाम या व्यवसायाबाहेरचे.

मला सगळ्यात जड गेलेली गोष्ट म्हणजे मानकांत आकडे जवळपास नाहीतच. इतके प्राध्यापक हवेत, इतके क्रेडिट्स कॅटलॉगिंगला हवेत, असं कुठेच नाही. तुमची उद्दिष्टं तुम्ही ठरवा, ती साधली का ते तुम्हाला कसं कळलं ते दाखवा, आणि कळल्यावर काय बदललंत तेही दाखवा, असा सगळा रोख. वाचताना सोपं वाटतं. पुरावा गोळा करायला बसल्यावर घाम फुटतो.

आमच्याकडे बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक्झिट सर्व्हे भरून घेतात. मी सात वर्षांचे सर्व्हे काढले आणि एका शनिवारी नुसती शेरेवजा उत्तरं वाचत बसले. कॅटलॉगिंगच्या कोर्सबद्दल, म्हणजे माझ्याच कोर्सबद्दल, लागोपाठ तीन वर्षं वेगवेगळ्या मुलांनी जवळपास एकच गोष्ट लिहिलेली: एकेक मार्क रेकॉर्ड (पुस्तकाची संगणकाला वाचता येणारी नोंद) हाताने करायला छान शिकलो, पण नोकरीत पहिल्याच महिन्यात विक्रेत्याकडून आलेली चार हजार ई-बुक्सची रेकॉर्ड्स एकदम दुरुस्त करायला दिली आणि सुरुवात कुठून करायची ते कळेना.

मग फॅकल्टी मीटिंगची मिनिट्स काढली. सर्व्हे दरवर्षी अजेंड्यावर होता. पुढच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द, 'डिस्कस्ड'. कोण काय बोललं, काय ठरलं, कोणी करायचं, काही नाही. तीन वर्षं, तीन 'डिस्कस्ड'.

त्याहून वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. चौथ्या वर्षी मी कोर्स खरंच बदलला होता. मार्कएडिट आणि ओपनरिफाइन ही सॉफ्टवेअर्स वापरून शेकडो रेकॉर्ड्स एकत्र तपासायची असाइनमेंट घातली. ती मुलांच्या तक्रारीमुळे घातली की एखाद्या कॉन्फरन्समध्ये काही ऐकून, हे आज मला आठवत नाही. कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे सर्व्हे आहे, बदलही आहे, आणि दोघांना जोडणारी एक ओळ नाही. नोंद नेमकी कशी करायची हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवते. त्या शनिवारी मी बराच वेळ त्या मिनिट्सकडे बघत बसले होते.

आणखी कोणी या प्रक्रियेतून गेलंय का? विद्यार्थी, प्राध्यापक, पॅनलवर काम केलेले, सगळ्यांचं ऐकायला आवडेल.

ओंजळ

शब्दवेल ताई, अगदी वेळेवर धागा आला. मला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. त्यातल्या एका अभ्यासक्रमापुढे यादीत 'कंडिशनल' लिहिलंय. तिथे फी बरीच कमी आहे आणि मला हव्या असलेल्या अर्काइव्ह्जच्या विषयात तिथले कोर्सेस जास्त आहेत. कंडिशनल म्हणजे मान्यता आहे की नाही? मी शिकत असताना ती गेली तर माझ्या पदवीचं काय? घरी सगळे म्हणतायत, असल्या ठिकाणी जाऊच नकोस.

शब्दवेल

ओंजळ, घाबरू नकोस, पण दुर्लक्षही करू नकोस.

कंडिशनल म्हणजे मान्यता आहे. समितीला एखाद्या मानकात गंभीर उणीव दिसली आणि ती ठराविक मुदतीत, साधारण तीन वर्षांत, दूर करा असं तिने सांगितलं, असा त्याचा अर्थ. त्या मुदतीत बाहेर पडणाऱ्यांची पदवी एएलए-मान्यताप्राप्तच असते. नोकरीच्या जाहिरातीत जी अट असते ती पूर्ण होते. मुदत संपताना पुन्हा आढावा होतो. उणीव भरून निघाली तर मान्यता पुढे चालू, नाही तर काढून घेतात. तू पदवी घेतलीस त्या दिवशी अभ्यासक्रमाला मान्यता होती का, एवढंच तुझ्या बाबतीत बघितलं जातं. नंतर गेली तरी तुझी पदवी मागाहून अमान्य होत नाही.

म्हणून त्यांचा पुढचा आढावा कधी आहे आणि तू कधी बाहेर पडणार, या दोन तारखा आधी शेजारी शेजारी लिही. अर्धवेळ करणार असशील तर तीन-चार वर्षं सहज लागतात, तेव्हा हा हिशेब फार महत्त्वाचा. आणि उणीव नक्की कोणत्या मानकात निघाली ते विभागाला स्पष्ट विचार. नियोजनाची कागदपत्रं कच्ची असणं आणि प्राध्यापकांच्या जागाच रिकाम्या असणं यांत फरक आहे. पहिली गोष्ट विभाग स्वतःच्या कष्टाने सुधारू शकतो. दुसरीला विद्यापीठाने पैसे सोडावे लागतात.

तळटीप

मी सार्वजनिक ग्रंथालयात आहे, नोकरभरतीच्या मुलाखती घेतो. काही वर्षांपूर्वी पॅनलवर प्रॅक्टिशनर म्हणून काम केलंय. कुठे, कधी ते सांगता येणार नाही आणि तिथलं काही इथे लिहिणंही बरोबर नाही. पण पॅनल काय करतं याबद्दल थोडं लिहितो, कारण लोकांच्या मनात इन्स्पेक्टरचं चित्र असतं.

चुका पकडायला आम्ही जात नाही. सेल्फ-स्टडीतलं प्रत्येक महत्त्वाचं विधान उचलायचं आणि त्याला आधार कुठे आहे ते बघायचं, हे आमचं काम. जाण्याआधी कित्येक आठवडे वाचन चालतं. कमिटी बैठकांची मिनिट्स, सिलॅबस, सर्व्हे, बजेट, सगळं. तिथे गेल्यावर बहुतेक वेळ माणसांशी बोलण्यात जातो. डीन वेगळे, प्राध्यापक वेगळे, माजी विद्यार्थी वेगळे, त्यांना नोकरीवर घेणारे वेगळे. सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलताना खोलीत विभागाचं कोणी नसतं.

मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास विचारायचो: तुम्हाला काही खटकलं तर ते कोणाकडे नेता आणि त्यानंतर काय होतं? चांगल्या विभागात मुलं पटकन नाव घेतात, उदाहरण सांगतात. कधी उदाहरण फार छोटं असतं, लॅब सुट्टीच्या दिवशी उघडी ठेवायला लागले, एवढंच. तरी ते ऐकून सेल्फ-स्टडीतल्या दहा पानांवर विश्वास बसतो. आणि जिथे मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात तिथे अहवाल कितीही देखणा असला तरी मनात शंका राहते.

शब्दवेल, तुमच्या 'डिस्कस्ड'वरून सांगतो. ते वाचून पॅनल चिडत नाही. चर्चा झाल्यावर काय झालं, एवढंच विचारतं. तुम्ही ती गोष्ट सेल्फ-स्टडीत जशीच्या तशी लिहिलीत का?

शब्दवेल

हो, लिहिली. त्यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. एका सहकाऱ्याचं म्हणणं, आपणच आपली उणीव का दाखवायची, कोर्स बदलला ते लिहू आणि सर्व्हे जोडून देऊ, वाचणारा आपोआप दुवा जोडेल. मला ते पटेना. दुवा होता की नाही हे मलाच माहीत नसताना तो होता असं सुचवणं म्हणजे खोटं लिहिणं.

शेवटी आम्ही तिन्ही गोष्टी लिहिल्या: तक्रार तीन वर्षं आली, चर्चेची नोंद अपुरी आहे, कोर्स बदलला पण कारण नोंदवलं गेलं नाही. आणि आता नोंद कशी ठेवतोय तेही लिहिलं. पॅनलने त्यावर प्रश्न विचारले, पण ते सगळे नव्या नोंदींबद्दलचे होते.

उत्तररात्र

सगळं वाचलं. शब्दवेल, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण मला या सगळ्या खटाटोपाबद्दल मूलभूत शंका आहे आणि ती मांडतो.

दीड वर्ष तुम्ही कागद गोळा केलेत. त्या दीड वर्षात किती शिकवलं असतं, किती संशोधन झालं असतं? आणि एवढं करून मिळतं काय? कोलंबिया विद्यापीठात दशांश वर्गीकरणवाल्या मेल्विल ड्युईने 1887 मध्ये ग्रंथपालांसाठी पहिली शाळा काढली. ती पुढे ऑल्बनीला गेली आणि 1926 मध्ये परत कोलंबियात आली. त्या परंपरेतली कोलंबियाची स्कूल ऑफ लायब्ररी सर्व्हिस 1992 मध्ये बंद झाली. शिकागो विद्यापीठाची ग्रॅज्युएट लायब्ररी स्कूल, जिथे या विषयातलं डॉक्टरेटचं शिक्षण सुरू झालं, तीही त्याच्या थोडी आधी गेली. या काही सुमार शाळा नव्हत्या. मान्यतेच्या कागदाने त्यांना वाचवलं नाही. विद्यापीठाला जागा आणि पैसा दुसरीकडे हवा होता, विषय संपला.

उलट बर्कलीने 1990 च्या दशकात जुनी लायब्ररी स्कूल मोडून माहितीशास्त्राची नवी शाळा उभी केली आणि एएलएची मान्यता सोडून दिली. त्यांचं काही अडलं नाही. मग ही मान्यता नक्की कोणासाठी?

शब्दवेल

उत्तररात्र, तुमचे दाखले बरोबर आहेत आणि ते टाळून मला पुढे जायचं नाही. मान्यता विभागाला बंद होण्यापासून वाचवत नाही. विद्यापीठाने ठरवलं तर ठरवलं.

पण बर्कलीचं उदाहरण थोडं वेगळं बघते. त्यांनी ग्रंथपाल घडवणं हे आपलं मुख्य काम नाही असं ठरवलं. त्यांच्याकडून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांना ग्रंथालयात नोकरी मागायचीच नसते, त्यामुळे त्यांचं अडलं नाही. ज्या मुलीला शहराच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करायचंय तिचं अडतं, कारण जाहिरातीत पहिलीच अट मान्यताप्राप्त मास्टर्सची असते. ती अट विभागाच्या सोयीसाठी नाही, तिच्या संरक्षणासाठी आहे. फी घेऊन तिला काय दिलं, हे बाहेरच्या कोणीतरी विचारायलाच हवं.

हे विचारायची गरज कशी निर्माण झाली तेही बघा. कार्नेगी कॉर्पोरेशन या दानसंस्थेने सी. सी. विल्यमसन यांना ग्रंथपालांच्या शिक्षणाची पाहणी करायला सांगितलं. त्यांचा अहवाल 1923 मध्ये आला. पंधरा शाळा त्यांनी पाहिल्या. कारकुनी काम आणि व्यावसायिक काम यांत शाळा फरक करत नाहीत, शिकवणाऱ्यांची तयारी अपुरी आहे, हे शिक्षण विद्यापीठात असायला हवं, असं त्यांनी लिहिलं. त्यानंतर 1924 मध्ये एएलएचं मंडळ स्थापन झालं आणि 1925 मध्ये पहिली किमान मानकं आली. मास्टर्स ही पहिली व्यावसायिक पदवी मानायची हे 1951 च्या मानकांनी ठरलं, आणि सध्याची समिती 1956 पासूनची. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी बाहेरून येऊन स्पष्ट शब्दांत सांगितलं म्हणूनच आपला विषय विद्यापीठात नीट रुजला.

वेळेबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र मला मान्य आहे. त्या दीड वर्षात माझा एक लेख अर्धवट राहिला तो राहिलाच.

उत्तररात्र

विल्यमसनचा मुद्दा मान्य. पण तेव्हा शाळा खरोखर कच्च्या होत्या. आता सात-सात वर्षांनी तेच करायचं? आणि पाचव्या मानकाबद्दल बोला. पैसा विभागाच्या हातात नसतो. प्राध्यापक निवृत्त झाला, जागा भरली नाही, हा निर्णय वर झालेला. त्याचा दोष मात्र अहवालात विभागावर.

तळटीप

इथे मला थोडं आत शिरू द्या. पाचव्या मानकात पॅनल विभागप्रमुखाला जितकं विचारतं तितकंच वरच्यांनाही विचारतं. डीन आणि प्रोव्होस्ट (विद्यापीठाचे शैक्षणिक प्रमुख) यांच्याशी स्वतंत्र भेट होते ती त्यासाठीच. 'ही जागा कधी भरणार' हा प्रश्न विभागाने दहा वेळा विचारला असेल आणि दहा वेळा उत्तर मिळालं नसेल. बाहेरच्या लोकांनी तोच प्रश्न समोर बसून विचारला आणि उत्तर अहवालात जाणार हे माहीत असलं की उत्तर वेगळं येतं. नेहमी येतं असं नाही. पण येतं.

कपाट३

मी भारतात एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, दोन फेऱ्या पाहिल्यात, म्हणून तुलना करून थोडं लिहितो.

नॅक 1994 मध्ये सुरू झालं, पण ते संपूर्ण संस्थेचं मूल्यांकन करतं. मी पाहिलेल्या फेऱ्यांत सात निकषांपैकी चौथा पायाभूत सुविधा आणि अध्ययन-साधनांचा होता, त्यात ग्रंथालय यायचं. संगणकीकरण झालंय का, ई-जर्नल्स आहेत का, खरेदीवर वर्षाला किती खर्च, रोज किती वाचक येतात, हे द्यायचं असायचं. म्हणजे ग्रंथालयाला मार्क मिळायचे, पण ग्रंथपाल घडवणाऱ्या एम.लिब.च्या अभ्यासक्रमाला वेगळं कोणी तपासत नाही. संस्थेला चांगली श्रेणी मिळाली की त्यातला प्रत्येक विभाग चांगला असं बाहेरून वाटतं.

शब्दवेल म्हणतात तसं 'तक्रार आली, मग काय बदललं' हे आमच्या एम.लिब.च्या वर्गात आम्हाला कोणी कधी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. आम्हाला वर्गीकरणाचे क्रमांक बांधायला महिनोन्महिने शिकवलं, आणि पहिल्या नोकरीत कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर चालवायला मी एकटाच रात्री बसून शिकलो.

पाणवठा

मी अ‍ॅडजंक्ट, म्हणजे करारावर शिकवणारी प्राध्यापक, आहे. सहा वर्षं एकच कोर्स ऑनलाइन शिकवतेय, दिवसा शालेय ग्रंथालयात नोकरी. इथे अ‍ॅडजंक्टबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय.

सहा वर्षांत मला विभागाकडून दरवर्षी करार यायचा आणि जुना सिलॅबस यायचा. फॅकल्टी मीटिंगला कधी बोलावलं नाही. माझ्या कोर्सचे विद्यार्थ्यांनी भरलेले फॉर्म मला मिळायचे, पण त्यावर माझ्याशी कोणी बोललं नाही. माझा कोर्स अभ्यासक्रमात कुठल्या उद्दिष्टासाठी आहे, त्याच्या आधी मुलांनी काय शिकलेलं असतं, नंतर काय शिकणार, हे मी विद्यार्थ्यांना विचारून विचारून जुळवलं.

सेल्फ-स्टडी सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा एक फोन आला. तुमच्या कोर्समधली कुठली असाइनमेंट कुठल्या लर्निंग आउटकमचा पुरावा धरता येईल, असं विचारत होत्या. मी पाऊण तास बोलले. बोलता बोलता लक्षात आलं की संदर्भसेवेच्या मुलाखतीची (वाचकाला नक्की काय हवंय ते बोलून काढून घेण्याची) जी असाइनमेंट मी देते, जवळपास तशीच दुसऱ्या एका कोर्सात पूर्णवेळ प्राध्यापक देतात. मुलं तीच गोष्ट दोनदा करत होती आणि बालवाचकाशी कसं बोलायचं हे कुठल्याच कोर्सात नव्हतं. मी माझी असाइनमेंट बदलून बालविभागावर नेली. सहा वर्षांपूर्वी कोणी पाऊण तास दिला असता तर सहा बॅचेसना ते मिळालं असतं.

मला राग त्या फोन करणाऱ्या बाईंचा नाही, उलट त्यांचे आभार. पण फोन यायला आढाव्याची वेळ यावी लागली, हे मनात राहिलंय.

शब्दवेल

पाणवठा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडेही असंच आहे. आमचे निम्म्याच्या आसपास कोर्सेस अ‍ॅडजंक्ट शिकवतात आणि तिसऱ्या, म्हणजे प्राध्यापकवर्गाच्या, मानकाचं लिखाण सुरू केलं तेव्हा सगळ्यांचे ईमेल एकत्र असलेली यादीसुद्धा कोणाकडे नव्हती. कार्यालयातल्या बाईंनी करारांच्या फाइलींमधून एकेक काढून दिले. आता दर सत्राच्या आधी एक तासाची ऑनलाइन भेट असते, तिचा मोबदला मिळतो. मोबदल्यासाठी भांडावं लागलं, पण मिळतो.

नव्या नोंदी कशा ठेवतो असं मला व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) दोघांनी विचारलंय, इथेच लिहिते. फार काही नाही, एक साधी स्प्रेडशीट आहे. बैठकीत निर्णय झाला की त्याच बैठकीत, स्क्रीनवर सगळ्यांसमोर, एक ओळ भरायची. काय कळलं, कुठून कळलं, काय ठरलं, कोण करणार, कधी परत बघायचं. त्यातली एक खरी ओळ, थोडी बदलून (प्रॅक्टिकम म्हणजे ग्रंथालयात जाऊन करायचं प्रत्यक्ष काम): 'अर्धवेळ विद्यार्थ्यांना प्रॅक्टिकमचे तास दिवसा भरता येत नाहीत. आधार: सल्लागारांच्या नोंदी, दोन सत्रं. निर्णय: संध्याकाळी आणि शनिवारी उघडी असणारी चार ग्रंथालयं शोधणे. जबाबदारी: प्रॅक्टिकम समन्वयक. परत बघणे: वसंत सत्राची दुसरी बैठक.' आणि त्या दुसऱ्या बैठकीत याच ओळीच्या शेवटी लिहिलं गेलं: 'तीन मिळाली, चौथं नाही. अकरा जणांनी लाभ घेतला.'

काही बदल करायचा नाही असं ठरलं तर तेही लिहितो, कारणासकट. कायदेविषयक ग्रंथालयांचा स्वतंत्र कोर्स हवा असं काही जणांनी सुचवलं होतं. शिकवणारं कोणी नाही आणि मागणी वर्षाला दोघा-तिघांची, म्हणून नाही म्हणालो आणि दुसऱ्या विद्यापीठाचा कोर्स घेऊ द्यायची सोय केली. आधी या गोष्टी 'डिस्कस्ड'मध्ये गडप व्हायच्या आणि दोन वर्षांनी नवा प्राध्यापक तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून काढायचा.

उत्तररात्र, तुमच्या दीड वर्षाच्या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं उत्तर हेच आहे. दीड वर्ष लागलं कारण सात वर्षं ओळी भरल्या नव्हत्या. एएलएला दरवर्षी आकडेवारी आणि दर दोन वर्षांनी वर्णनात्मक अहवाल द्यावाच लागतो. ओळी भरत राहिलो तर पुढच्या वेळी सेल्फ-स्टडीचा बराचसा भाग आधीच लिहिलेला असेल. पुढच्या वेळी हे काम माझ्याकडे नसेलही, पण ज्याच्याकडे असेल त्याचा शनिवार माझ्यासारखा जाऊ नये.

उत्तररात्र

ही ओळ आवडली. 'चौथं नाही' लिहिलंत हे विशेष. माझी शंका पूर्ण गेलेली नाही. ज्या विभागात अशी ओळ भरणारं कोणी नाही तिथे शेवटच्या वर्षी घाईघाईने मागच्या तारखांच्या ओळी भरल्या जातील, ही भीती आहेच. पण आमच्या विभागाच्या पुढच्या बैठकीत हे मांडून बघतो.

तळटीप

मागच्या तारखांच्या ओळी वाचताना कळतात. सगळ्या एकाच हाताच्या आणि एकाच सुरातल्या असतात, आणि त्यांत एकही 'नाही' नसतं.

ओंजळ, तुझं काय ठरलं?

ओंजळ

अजून ठरलं नाही, पण कालच फोन केला म्हणून लिहितेय.

कंडिशनलवाल्या विभागाच्या संचालिकाबाईंशी बोलले. आधी तारखा विचारल्या. पूर्णवेळ केलं तर मी आढाव्याच्या एक सत्र आधी बाहेर पडते, अर्धवेळ केलं तर नाही. उणीव कशात निघाली असं विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं: पहिल्या मानकात, नियोजन आणि मूल्यमापनाची नोंद नव्हती. प्राध्यापकांबद्दल काही निघालं नव्हतं.

मग तळटीप यांचा प्रश्न थोडा फिरवून विचारला. विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून अलीकडे काय बदललंत? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, डिजिटल प्रिझर्व्हेशनच्या कोर्सात मुलांना सर्व्हरवर काम करायला परवानगीच मिळत नव्हती, नुसती स्लाइड्सवर शिकत होती. गेल्या शरद सत्रापासून विद्यापीठाच्या आयटीकडून वेगळा सर्व्हर मिळवला, आता प्रत्येकाला त्यावर स्वतः काम करता येतं. तो कोर्स सध्या करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा ईमेल तिला विचारून पाठवते म्हणाल्या, आणि संध्याकाळी खरंच पाठवला.

दुसऱ्या, पूर्ण मान्यता असलेल्या विभागातही तोच प्रश्न विचारला. त्यांनी वेबसाइटची लिंक पाठवली.

त्या विद्यार्थिनीशी रविवारी बोलायचं ठरलंय. ताई, तिला सर्व्हरशिवाय अजून काय विचारू?

शब्दवेल

अ‍ॅडजंक्ट किती आहेत आणि ते ईमेलला किती दिवसांत उत्तर देतात, हे विचार. प्रॅक्टिकमची जागा तिने स्वतः शोधली की विभागाने मिळवून दिली, तेही. आणि पूर्णवेळ करायला जमणार आहे का, ते रविवारच्या आधी घरच्यांशी बसून नक्की कर, कारण तुझ्या बाबतीत सगळं त्या एका सत्रावर आहे.